खंडेनवमीची हळद आणि कोरे उंदीर

माझे वडील दापोडीला लेथवर काम करायचे. खंडेनवमीला लेथ पुसायचा, हळद-कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि मगच घरी यायचं, हा त्यांचा नेम. मी पुढे शिकलो, पांढरा कोट घालून चाकणच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झालो. पण मशीन म्हटलं की त्याला हळद लागलीच पाहिजे, हे काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आमच्याकडे तेव्हा उंदरांवर काम चालू होतं. आतड्यातल्या जंताच्या अळ्या उंदराला तोंडावाटे द्यायच्या, दर आठवड्याला शेपटीतून थोडं रक्त घ्यायचं आणि त्याचं शरीर जंताविरुद्ध किती अँटिबॉडी तयार करतंय ते मोजायचं. निम्म्या उंदरांना जंत दिलेलेच नव्हते. त्यांना आम्ही ‘कोरे’ म्हणायचो. कोऱ्यांच्या रक्तात काही सापडता कामा नये. सापडलं, तर तुलना कशाशी करणार? सगळं काम पाण्यात.

आणि हे काम होतं मॅडमचं. मॅडम लातूरकडच्या, पीएचडीचं शेवटचं वर्ष, तयारी धरून याच कामावर चार महिने घातलेले. मुदत मार्चपर्यंत.

मोजायची रीत साधी आहे. शहाण्णव खळग्यांच्या पारदर्शक प्लेटमध्ये सीरम आणि रसायनं घालायची. अँटिबॉडी जितकी जास्त, तितका पिवळा रंग गडद. मग प्लेट रीडर नावाच्या यंत्रात ठेवायची. तो प्रत्येक खळग्यातून आरपार प्रकाश सोडतो आणि पिवळेपणाचा आकडा सांगतो. हा पिवळेपणा ध्यानात ठेवा, मी ठेवला नव्हता.

उंदरांना सण नसतो, त्यामुळे खंडेनवमीलाही चौथ्या आठवड्याचं रक्त तपासायचं होतं. मॅडम प्लेट लावत होत्या, तेवढ्यात मी रीडरची पूजा उरकून घेतली. हातमोजे काढले, कारण रबर घालून केलेली पूजा वडिलांना रुचली नसती. हळद भिजवली आणि रीडरच्या झाकणावर पाची बोटं उमटवली. दोन पावलं मागे सरून बघितलं, छान दिसत होतं.

“दादा, रंग थांबवलाय, लगेच वाचून घ्या,” मॅडमनी हाक मारली.

रसायन घालून रंग चढणं थांबवलं की फार वेळ काढून चालत नाही. मी हात कोटाला पुसले आणि धावलो. प्लेट नेहमी कडेनं धरावी, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. त्या दिवशी मी ती प्रसादाच्या ताटासारखी बोटांवर घेतली.

आकडे आले आणि मॅडम स्टुलावर बसल्या. पाच कोऱ्यांमध्ये अँटिबॉडी होत्या.

प्राण्यांची देखभाल करणारे मामा इथल्याच एका गावचे. ते पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले, तर मॅडमनी त्यांनाच विचारलं, “मामा, भुसा बदलताना उंदरांच्या पेट्या इकडच्या तिकडे झाल्या का?”

“न्हाई ताई. आदी कोऱ्यांच्या करतो, मग जंतवाल्यांच्या. सा वर्सांत येकदा बी चुकलो न्हाई.”

यावर गप्प बसेन तर मी कसला. “एसीच्या झोतातून जंताची अंडी आली असणार,” मी म्हणालो, आणि झोताची दिशा हातानं दाखवलीसुद्धा.

“अंडी उडत्यात व्हय?” मामा म्हणाले. “पंख फुटायच्या आदीच?”

मॅडम हसल्या नाहीत. संध्याकाळी पाचला जंतवाल्या उंदरांना अळ्यांचा दुसरा डोस होता. “कोरेच कोरे राहिले नसतील तर डोस देऊन काय करू? सगळे बाद करते,” त्या म्हणाल्या. उंदरांना शांतपणे मारण्याचा फॉर्म त्यांनी काढला. पुन्हा पहिल्यापासून करायचं, तर मार्च गाठणं शक्य नव्हतं.

मामांनी माझ्यापुढे पेढा धरला आणि हात मागे घेतला. “आदी हात धुवा राव. नुसतं हळकुंड झालंय.”

मी हाताकडे बघितलं. मग झाकणाकडे. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं की एसीचं नाव पुढे केलंच आहे, तर तेच चालू द्यावं. पण मॅडम फॉर्मवर तारीख लिहीत होत्या.

कचऱ्याच्या पिशवीतून प्लेट काढली आणि उलटी केली. खाली हळदीचे पाच ठसे, अगदी स्पष्ट. मॅडमनी एकेका ठशाखालचा खळगा आकड्यांशी ताडून बघितला. पाचही कोरे तिथेच होते. हळदीचं पिवळं आणि रसायनाचं पिवळं सारखंच, त्यामुळे वरून तो खळग्यातलाच रंग वाटला होता.

“म्हणजे दादा, या अँटिबॉडी तुमच्या,” मॅडम म्हणाल्या.

“व्हय,” मामा म्हणाले, “जंत बी त्यांच्याच डोक्यातला.”

मॅडमनी फॉर्म फाडला. पाचला डोस दिला. दुसऱ्या दिवशी फ्रीजरमधलं उरलेलं सीरम पुन्हा तपासलं, या वेळी प्लेट मॅडमनी स्वतः धरली. कोरे कोरेच निघाले आणि काम मार्चमध्ये पुरं झालं.

रीडरच्या इंग्रजी नियमावलीत आता शेवटी एकच ओळ मराठीत आहे: पूजेनंतर हात साबणाने धुवावेत. तिच्यापुढे सही करायला जागा आहे. दर खंडेनवमीला मी झाकणावर बोटं उमटवतो, मामा साबण घेऊन दारात उभे असतात, आणि सही ते हाताचा वास घेतल्याशिवाय करू देत नाहीत.