सुगंधाचा एकडोळ्या

सुगंधाला कुणी काही फुकट देऊ केलं, की ती आधी नको म्हणते. ललितसरांनी दुर्बीण पुढे केली तेव्हाही तिने मान उडवली. पण तेवढ्यावर गप्प बसली असती तर ती सुगंधा कसली! सरांच्या कमरेला एक छोटी पिशवी होती. तिच्याकडे हनुवटीने खूण करून ती म्हणाली, "द्यायचंच हाय तर ते द्या."

ललितसर बोईसरच्या एका कंपनीत इंजिनिअर. राहायला तिथल्याच पाम गावाच्या बाजूला. पाच वर्षं झाली, दर रविवारी सफाळ्याला उतरतात आणि सुगंधा त्यांना डोंगरात पक्षी दाखवायला नेते. सर काचा पुसत बसतात तोवर हिने नुसत्या डोळ्यांनी घुबड शोधलेलं असतं. सरांनी नवी दुर्बीण घेतली होती, म्हणून जुनी हिला द्यायची ठरवली. चांगली, महागाची.

"अहो ताई, हे पक्षी बघायचं नव्हे," सर कळवळून म्हणाले. "हा रेंजफाइंडर. याने अंतर मोजतात. एकाच डोळ्याने बघायचं, दिसतं तेही एवढंसं. ऊन कलल्यावर पानातला पक्षी ओळखू येणार नाही. दुर्बिणीची सर नाही याला."

"पक्षी मला असेच दिसतात, सर. दिसत नाय ते तुमाला."

सर हसले. कमरेची पिशवी सोडून त्यांनी तिच्या हातात दिली. आणि दुर्बीण काय असते ते सुगंधाला ठाऊक नव्हतं असं नाही. मागच्या वर्षी सरांनी तीच दुर्बीण तिला वापरायला दिली होती, चार महिने ती तिच्या गळ्यात होती. डोक्यावर मोळी आणि छातीवर हा धोंडा! कातळावर चढायला गेलं की मध्ये अडकायची. लावणीला वाकलं की थेट चिखलात. मानेवर पट्ट्याचा वळ उठला होता तो दिवाळीपर्यंत गेला नाही. उलट हे नळकांडं मुठीएवढं. कनवटीला खोचलं की विसरून जावं, आणि बघायचं तर एक हात पुरे, दुसऱ्या हाताने फांदी धरता येते. डोळा लावून बटण दाबलं की आत आकडा उमटतो. तिने त्याचं नाव जागच्या जागी ठेवलं: एकडोळ्या.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. सुगंधाला तो आकडाच हवा होता.

तिच्या पाड्याच्या वर, डोंगराच्या धारेवर, वाघोबा आहे. शेंदूर लावलेली उभी शिळा, तिच्यावर कोरलेला वाघ, चंद्र, सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला सगळा पाडा तिथे जमतो. समोरच्या उतारावर दगडाची खदान यायची होती. ग्रामसभेने ठराव केला होता, देवापासून सरळ दोनशे मीटरच्या आत सुरुंग लागणार नाही. खदानीचा मॅनेजर भाग्येश, गोड बोलणारा माणूस, सुरुंगाची हद्द म्हणून लाल झेंडी रोवून मोकळा झाला. म्हणाला, टेप लावून मोजलंय, दोनशे तीस भरतं.

मोजलं होतं, खोटं नाही. पण कसं? झेंडी आणि देव यांच्यामध्ये खोल ओहोळ, करवंदाची जाळी. टेप सरळ जाईना. म्हणून पठ्ठ्याने बैलगाडीच्या वाटेने वळसा घालून मोजलं!

सुगंधाने त्याला तिथेच विचारलं होतं, "सुरुंगाचा दगड काय वाटेनं चालत येतो काय रं?"

"काकी, मग तुम्ही मोजून दाखवा," तो हसून म्हणाला. हसला ते तिच्या मनात सलत राहिलं. देवाची शिळा हादऱ्याने तडकली तर ती कुणाच्या तोंडाकडे बघणार होती?

तर एकडोळ्या कनवटीला आला आणि दुसऱ्याच दिवशी ती झेंडीपाशी जाऊन उभी राहिली. डोळा लावला. देव दिसला, अगदी पुढ्यात. बोट बटणावर गेलं आणि थबकलं. त्यांच्यात वाघोबाकडे बोट दाखवत नाहीत. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं तर तो सडतो, मग हा तर देव! दाखवायचाच तर मूठ वळून दाखवायचा. आणि हे नळकांडं रोखायचं? छे छे! तिने नेम जरा वर धरला. देवाच्या मागे ऐनाचं झाड होतं, आत बघताना देवाच्या डोक्यातूनच उगवल्यासारखं. तिने ऐनावर दाबलं. आकडा आला, दोनशे आठ.

दोनशेच्या वरच, म्हणजे भाग्येशची झेंडी खरी! पुन्हा दाबलं. तोच आकडा.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. पण आठवड्याने ग्रामसभेत ग्रामसेवकांनी विचारलं तेव्हा ही उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दोनशे आठ भरतं. मी मोजलं."

भाग्येशने टाळी वाजवली. "घ्या! काकींच्याच मशीनने सांगितलं. आता लिहा साहेब."

सुगंधाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात मागून तिचा दीर झुंबर उठला. देवाची पूजा त्याच्याकडे. "वयनी, नेम कुठं धरलास?"

"ऐनावर. देवावर कसा धरू?"

"अगं बाय! ऐन देवाच्या किती मागं हाय! आमी बारशीला त्याच्याखाली चूल मांडतो, विसरलीस?"

विसरली नव्हती. जन्म गेला त्या चुलीवर भाकऱ्या भाजण्यात. पण काचेतून सगळं एकमेकाला चिकटलेलं दिसतं, आणि मोजलं तेव्हा हे नळकांडं आदल्याच दिवशी तिच्या हाती आलं होतं. तिला स्वतःचाच संताप आला. "चला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चला."

सगळी ग्रामसभा धार चढली. भाग्येश धापा टाकत सगळ्यांच्या मागे. वर पोचल्यावर म्हणाला, "मग आता काय, देवावर बंदूक रोखणार?"

लोक चपापले. झुंबरही म्हणाला, "वयनी, ते नाय चालायचं हां."

 सुगंधा शिळेपाशी गेली, हात जोडले, आणि शिळेला पाठ लावून मांडी घालून बसली. मग कनवटीचा एकडोळ्या काढला आणि समोरच्या उतारावरच्या लाल झेंडीवर धरला. "देवाकडं रोखायचं नाय ना? मग देवाकडून रोखते. अंतर तेवढंच!"

बटण दाबलं आणि एकडोळ्या ग्रामसेवकांच्या हातात दिला. त्यांनी तिच्या शेजारी बसून दाबून बघितलं. "एकशे एकसष्ट."

"हे खेळणं आहे हो," भाग्येश म्हणाला. "यावर काय विश्वास?"

"आता खेळणं झालं होय? मघाशी दोनशे आठ बोललं तवा टाळी कुणी वाजवली?"

अख्खी धार हसली. भाग्येश लाल झाला. ग्रामसेवकांनी आकडा लिहिला, त्याखाली भाग्येशची सही घेतली आणि म्हणाले, झेंडी मागे घ्यावी लागेल.

"घेऊ की. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो."

"माणूस कशाला?" सुगंधाने पदर खोचला. "मी काय मेले?"

तिने एकडोळ्या झुंबरच्या हातात दिला, कुठे दाबायचं ते दाखवलं, आणि वळसा घालून समोरच्या उतारावर निघाली. सगळे बघत राहिले. अर्ध्या तासाने ती झेंडीपाशी पोचली. दोन्ही हातांनी हिसडा दिला आणि झेंडी उपटली. मग ती डोक्यावर उंच धरून उतार चढू लागली. इकडे झुंबर देवाला पाठ लावून बसलेला, डोळा काचेला, आणि ओहोळावरून त्याचा कुकारा, "एकशे सत्तर!" ती चढली. "एकशे नव्वद!" ती चढली.

"दोनशे! बस, वयनी!"

भाग्येशने सुस्कारा सोडला. पण झेंडी थांबली नाही. ती आणखी वर चालली होती.

"अगं बस! दोनशे झालं!"

"तू आकडा बोल!" पलीकडून आवाज आला.

"दोनशे पाच! दोनशे आठ!"

तेव्हा ती थांबली. दगड उचलून झेंडी जमिनीत ठोकली, आणि तोंडाला दोन्ही हात लावून ओरडली, "दोनशे आठ! सभेत माझ्या तोंडून गेलेला आकडा हाय. आता खरा झाला. लिहा!"