झग्यात शिवलेली वाळू

माझं पहिलं मूल दीड वर्षाचं होऊन गेलं. मोठा आजार नव्हता; वाळत गेलं आणि गेलं. दुसरी मुलगी तीन वर्षांची झाली तरी काटकुळीच. बावड्यात आमच्या गल्लीत नवीन अंगणवाडी निघाली होती. दुपारी सुकडी, उसळ मिळायची, म्हणून तिला घातलं. तिला सोडून मी शेतात भांगलणीला, तण काढायला जायची.

महिन्याला तिथं मुलांना काट्याच्या झोळीत बसवून वजन करायचे. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी हाय का उसाची गाडी? काट्यावर कशाला घालत्यात?" शेजारणीनं भर घातली, "हलक्या पोरांची नावं पटावरनं काढत्यात म्हणं."

मी ते खरं मानलं. विचारायची हिंमत नव्हती. झग्याचा घेर आतून दुमडून त्यात अर्धा किलो वाळू शिवली. वजनाच्या दिवशी तोच झगा. असे चार महिने काढले.

पाचव्या वेळी पोरीच्या फासळ्या दिसत होत्या. आमच्या आधी दुसऱ्या एकीचा मुलगा झोळीत बसला. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "वजन कमी हाय. ह्याला आजपासनं डबल सुकडी." त्या आईला कुणी काही बोललं नाही.

मी तिथंच घेर उसवला. वाळू फरशीवर सांडली.

"अगं बया! चार महिनं मी वाळूच तोलली व्हय?" बाई ओरडल्या.

"नाव काढशिला म्हणून केलं, बाई."

"हलक्या पोरांसाठीच हाय की हे सगळं!"

तिच्या वजनाच्या कार्डावरची रेघ त्या दिवशी एकदम खाली आली. दुप्पट खाणं सुरू झालं, तरी कित्येक दिवस मी उठल्या उठल्या तिच्या नाकाशी बोटं धरून बघायची. वाचली. पहिलीत गेली तेव्हा अंगणवाडीत न जाता घरी बसलेल्या पोरांसारखी रडली नाही. पुढं दहावी झाली. अंगणवाडीमुळं झाली, असं लोक म्हणतात. असेल.

तिच्या पाठची तिच्यापेक्षा चार बोटं उंच आहे. तिला मी नुसत्या चड्डीवर वजनाला बसवायची. थोरलीची उंची त्या चार महिन्यांनी खाल्ली का, हे डॉक्टरला विचारावं असं कैकदा वाटलं. दवाखान्याच्या दारातून परत आले. तो हो म्हणाला तर?