मशेरी लावायची वेळ

‘तंबाखू खाता का?’ असं मी विचारायचे. समोरची बाई तोंडातलं काळं बोट बाहेर काढायची, पिंक टाकायची आणि म्हणायची, ‘नाय बाई. बायामाणसं कुठं तंबाखू खात्यात?’ की बोट परत तोंडात.

बरं, ती खोटं बोलत नसायची. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती आणि मी नाशिकच्या कडेला, भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या एका मळेवस्तीवर नर्स होते. वरून आलेल्या पाहणीत दोनच प्रश्न होते: ओढता का आणि खाता का. मशेरी कुणी ओढत नाही, खातही नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी ती बोटानं दातांना लावत बसायचं. त्यानं दात साफ होतात, पोट साफ होतं, डोकं ठिकाणावर राहतं, अशी बायकांची ठाम समजूत. त्यामुळे आमची वस्ती कागदावर एकदम निर्व्यसनी ठरली. साहेब खूश झाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग माझ्या भुणभुणीला कंटाळून दातांचे डॉक्टर पाठवले गेले. मारुतीच्या देवळात सतरंजी टाकून त्यांनी बॅटरीच्या उजेडात एकेकीचं तोंड तपासलं. बायका तोंड उघडायला इतक्या लाजत होत्या की बाळंतपणातसुद्धा तेवढ्या लाजल्या नसतील.

त्यांत एक शेवंती-झेंडू लावणाऱ्या घरातली सून होती, साधारण माझ्याच वयाची. मी तिला वहिनी म्हणायचे. तिच्या खालच्या ओठाच्या आत, मशेरीचं बोट जिथं रोज टेकायचं तिथंच, पांढरा डाग होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. डॉक्टरांनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं, ‘मशेरी आजपासून बंद केलीत तर हा डाग बहुतेक मावळेल. चालू ठेवलीत तर पुढं त्याचा कॅन्सर होऊ शकतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा.’

वहिनीनं पदरानं ओठ पुसले. ‘बंद करते की. त्यात काय!’

‘त्यात काय’ म्हणणाऱ्या माणसांची मला भारी धास्ती वाटते. पुढच्याच आठवड्यात मी पहिल्या बसनं वस्तीवर गेले, तर ही आणि तिची सासू ओट्यावर शेजारी शेजारी बसलेल्या आणि दोघींची बोटं तोंडात. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी तिला हाताला धरून शेवंतीच्या वाफ्यापर्यंत नेलं आणि म्हटलं, ‘मरायचंय का तुला?’

तिनं शांतपणे पाटाच्या पाण्यानं चूळ भरली. ‘नर्सबाई, सोडली व्हती. डोकं फुटायची पाळी आली, ते बी सोसलं. पन सकाळी ओट्यावर बसले तर तोंड मोकळं. तोंड मोकळं दिसलं की हाका सुरू. चहा टाक, मोटर चालू कर, फुलं तोडाय जा. मशेरी तोंडात असली की कुनी हाक मारत नाय. बोलताच येत नाय ना मला! अख्ख्या दिवसात तेवढंच माझं बसनं.’

‘मग नुसती बस ना!’ मी ओरडले.

ती हसायलाच लागली. ‘नुसती बसलेली सून बघितलीय का तुम्ही कुठं?’

नव्हती बघितली. नाशकातल्या इंदिरानगरच्या माझ्या ब्लॉकमध्येसुद्धा मी कधी खुर्चीत नुसती टेकले की कुणीतरी विचारायचं, ‘बरं नाही का?’ माझ्या पिशवीत तक्ते होते. त्यांच्यावर काळी फुप्फुसं होती, विंचू होता, सिगारेट ओढणारा बाप्या होता. बसायला मिळत नाही म्हणून मशेरी लावणाऱ्या बाईचा तक्ता कुणी काढलाच नव्हता.

तोड तिनंच काढली. गोवऱ्या जाळून केलेली काळपट राखुंडी घरात होतीच. सासू तव्यावर दोघींची मशेरी एकदमच भाजायची आणि वाटून द्यायची. ही आपला वाटा गुपचूप उकिरड्यात टाकायची आणि डबीत राखुंडी भरून ठेवायची. सकाळी तसंच ओट्यावर बसायचं, तसंच बोट काळं, ओठ तसेच मिटलेले. राखुंडी घासून दातांचं काही भलं होत नाही, डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी मलाच झापलं असतं. पण म्हटलं, दगडापेक्षा वीट मऊ.

सोपं नव्हतं ते. एकदा मी गेले तर फुलं तोडता तोडता ती रडत होती. ‘कायबी दुखत नाय,’ म्हणाली, ‘पन जीव नुसता मशेरी मशेरी करतोय.’ मी तिच्याजवळ बसले. भाषण वगैरे दिलं नाही. तिच्यासोबत चार फुलं तोडली, तीही देठाशिवाय, म्हणून तिनं माझ्या हातातून टोपली काढून घेतली.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा डाग पुसट झाला होता. त्यानंतरच्या खेपेला तो शोधूनही सापडेना. मला इतका आनंद झाला की मी देवळातच तिला मिठी मारली. डॉक्टर म्हणाले, ‘पुढच्या महिला मेळाव्यात हिलाच उभी करा. तुमच्या शंभर तक्त्यांना भारी पडेल.’

वहिनीचा चेहरा उतरला. ‘पाया पडते नर्सबाई, माझं नाव काढू नका. घरी कळलं की माझं बसनं गेलं.’ मग म्हणाली, ‘आत्याबाईंच्या बी ओठात तसंच पांढरं हाय. त्या कवा तपासायला आल्याच नाय, जांभई देताना दिसलं. त्यांना दाखवायला लावा तेवढं.’

मेळाव्याच्या दिवशी देवळात डॉक्टरही आले होते आणि सासू पहिल्या रांगेत बसली होती. मी घसा कोरडा होईस्तोवर बोलले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिलाच म्हटलं, ‘मावशी, तुम्ही तरी तोंड दाखवा डॉक्टरांना.’

‘कशाला? तुम्ही मशेरी सोड म्हननार. जित्याची खोड मेल्याबिगर जात नाय, बाई. आमच्या घरात आजवर कुनाची सुटली? दाखवा एक तरी!’

बायका खो-खो हसल्या. मी जीभ दाताखाली धरली. वहिनी खाली बघून सतरंजीचा दोरा ओढत होती. मग ती उठून उभी राहिली.

‘आत्याबाई, माझी सुटलीय. माझ्या डबीत कवाचीच राखुंडी हाय. माझ्या ओठात डाग व्हता, तो गेला. तुमच्या ओठात तसाच हाय. मी रोज शेजारी बसून बघते अन् गप राहते. आता नाय राहवत.’

सासू मान वर करून तिच्याकडे बघत राहिली.

‘म्हंजे इतके दिस तू राख लावून बसत व्हतीस?’

‘व्हय.’

‘कशापायी?’

‘बसायला मिळावं म्हनून.’

या वेळी कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं, तेवढंच. सासू उठली, डॉक्टरांपुढं जाऊन बसली आणि तिनं तोंड उघडलं.

तिच्या डागाचा तुकडा सिव्हिलमध्ये तपासला. वाईट काही निघालं नाही, पण मशेरी लगेच बंद करा असं तिलाही निक्षून सांगितलं. माझा जीव मात्र वहिनीसाठी टांगणीला लागला होता. तिनं सासूचं तोंड वाचवलं खरं, पण स्वतःची सकाळ घालवून बसली असेल, असं मला राहून राहून वाटत होतं. थोड्या दिवसांनी मी मुद्दाम सकाळीच तिकडे गेले.

दोघी ओट्यावर बसल्या होत्या. बोटं स्वच्छ होती. सासूला मशेरीवाचून हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं, म्हणून ते तिनं मांडीवर नुसते टाकले होते. मी दारात चप्पल काढतेय तोच आतून तिच्या मुलाची हाक आली, ‘चहा झाला का गं?’

वहिनी सवयीनं अर्धी उठली. सासूनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि दाराकडं तोंड करून मोकळ्या आवाजात ओरडली, ‘तुझा तू टाक रे! आमी बसलोय.’