चिंचेने घासलेली नाणी

सबनीसकाका घरी आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी नाणं देत. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायला गेले त्या दिवशी त्यांनी माझ्याही तळहातावर एक हिरवट-काळं रोमन नाणं ठेवलं. "राजा बघितलास? आता उलटव. मागची देवी बघितल्याशिवाय राजावर विश्वास ठेवायचा नाही."

काका कारखान्यातून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या. "ज्याच्या राज्यात रोज मारामाऱ्या, त्याच्या नाण्यावर शांतीदेवी हमखास," असं ते हसून म्हणत. उमरखेडच्या शाळेत शिकलेली मी घरातली पहिली पदवीधर. इंटरव्ह्यूची उत्तरं काकांनीच माझ्याकडून महिनाभर म्हणवून घेतली, म्हणून मला नोकरी लागली.

पुढे त्यांची नजर गेल्यासारखीच झाली. आपली नाणी संग्रहालयात जावीत आणि शेजारी काकूंचं नाव लागावं, एवढी एकच इच्छा उरली होती. बऱ्याच पत्रांनंतर तिथल्या एक बाई घरी येऊन बघायला तयार झाल्या.

आदल्या दिवशी काका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. सणाच्या आधी आई देव्हाऱ्यातले देव चिंचेने घासायची. मीही चिंच-मीठ घेतलं आणि नाण्यांचा अख्खा ट्रे लख्ख करून ठेवला. काकांना सांगितलं नाही. बाईंनी कौतुक केलं की काकांना आपोआप कळेल, असं वाटलं.

बाईंनी भिंगातून एकेक नाणं पाहिलं. मग "आय अ‍ॅम सो सॉरी, मिस्टर सबनीस," म्हणून त्यांनी हळूच समजावलं. इतक्या जुन्या ब्राँझवरचा थर खरवडला की नक्षीही त्याच्याबरोबर जाते. ही नाणी घेता येणार नाहीत.

त्या गेल्यावर काकांनी एक नाणं उचलून अंगठ्याने चाचपलं.

"यावर आशादेवी होती. हातात फूल धरलेली."

"काका, मी चिंचेने घासली. चांगली दिसावीत म्हणून."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी नाणं ट्रेमध्ये परत ठेवलं. मग म्हणाले, "बरं. चहा टाक."

त्यानंतर काका आठ महिने जगले. ट्रे कपाटात गेला, तो त्यांनी पुन्हा मागितला नाही. मला काहीतरी बोला, रागवा, म्हणून मी दोनदा विनवलं. मी ऑफिसातून आले की ते फक्त विचारत, "जेवलीस का?" शेवटच्या संध्याकाळीही तेवढंच विचारलं.