आडव्या पट्टीवरचा काळा रंग

न्यूझीलंडमधल्या टौरंगाला आम्ही घर घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या इंग्रज आजोबांनी कुंपणावरून लिंबांची पिशवी पुढे केली आणि आपलं नाव सांगितलं. इथे सगळेच एकमेकांना नावानं हाक मारतात, पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ काही वळली नाही. म्हणून मी त्यांना हाकच मारत नसे. समोर जाऊन उभी राहायची, आणि ते बोलायला लागायचे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी पुकेकोहे नावाच्या गावात होती, ती महिन्यातून एखाद्या रविवारी यायची.

मी पुण्यात टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा केला, मग इथे शिकायला आले आणि इथलीच झाले. किवीफ्रूट निवडून खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाउसना लागणारे मशीनचे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी तपासणीला होते. भाग बरोबर बनलाय की नाही हे बघायचं आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. आजोबांना या कामाचं फार कौतुक होतं. त्यांच्या फाटकाची बिजागरी कुरकुरली तरी ते मला बोलावून दाखवत.

२०१५ साली सगळीकडे पहिल्या महायुद्धाची शंभरी चालली होती. त्या निमित्तानं गावातल्या माजी सैनिकांच्या क्लबात प्रदर्शनाची काचेची कपाटं मांडत होते, आणि घरोघरच्या जुन्या वस्तू मागत होते. युद्ध कुठलंही चालेल असं होतं. आजोबांनी त्यांच्याकडचा खंजीर द्यायचं ठरवलं. एक दिवस मी कामावरून आले तर ते त्यांच्या गॅरेजच्या दाराशी उभे होते, चेहरा उतरलेला.

"क्लबात जाऊन आलो," ते म्हणाले. "तिथल्या माणसानं हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाला, असल्या नकला ढीगभर मिळतात. माझ्या तोंडावर म्हणाला."

खंजिराची गोष्ट मी आधी ऐकली होती. त्यांचा मोठा भाऊ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडो होता. होडीतून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरून छापे घालायचे, हे त्या तुकडीचं काम. अशाच एका छाप्यातून तो परत आला नाही. देहही मिळाला नाही. आजोबा तेव्हा शाळेत होते. पुढे तरुणपणी ते बोटीनं न्यूझीलंडला यायला निघाले, तेव्हा बंदरावर वडिलांनी एक पुडकं त्यांच्या हातात दिलं. "तुझ्या भावाचा आहे," एवढंच म्हणाले. "सैन्यानं पाठवला होता." वडील ट्रामवर कंडक्टर होते, मुळात बोलणारे नव्हते. ती त्यांची शेवटची भेट ठरली.

"तू तपास," आजोबा मला म्हणाले. "तुझं कामच आहे ते."

"मला यंत्रांचे भाग कळतात, हत्यारं नाही."

"लोखंड ते लोखंडच. खरं काय ते सांग. मला खोटी समजूत नको."

मी तो भांडी पुसायच्या टॉवेलात गुंडाळून, गाडीच्या डिकीत किराण्याच्या पिशव्यांखाली ठेवून वर्कशॉपवर नेला. दुधारी खंजीर घेऊन गाडी चालवताना जीव नुसता घाबराघुबरा झाला होता. त्याआधी मी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणून वाचलं होतं आणि संग्राहकांच्या वेबसाइट पालथ्या घातल्या होत्या. त्यातून एक विचित्र गोष्ट कळली. युद्धात बनलेले खरे खंजीर सगळे एकसारखे नसतात. घाईघाईत, हातानं घासून काढलेले. एखाद्याचं पातं जरा वाकडं, एखाद्याचं टोक मध्यावरून सरकलेलं. म्हणजे माझ्या रोजच्या कामात ज्याला मी रिजेक्ट म्हटलं असतं, तेच इथे खरेपणाचं लक्षण ठरू शकत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी तो कामाच्या टेबलावर ठेवला. आधी नुसता हातात धरला. चांगलं हत्यार हातात घेतल्यावर त्याचं वजन मुठीकडे येतं, टोक हलकं लागतं. हा तसाच होता. बोटावर तोलला तर मुठीपाशीच स्थिरावला. मग पात्यावरून नजर टाकली. दोन्ही बाजूंना मधोमध एक उंच रेघ टोकापर्यंत जायला हवी, ती सरळ गेली होती. चारही उतार मोजले, जवळजवळ सारखे निघाले. मूठ ओतीव होती, गोल गोल कड्यांची. युद्धाच्या शेवटी शेवटी अशा मुठी निघाल्या होत्या आणि नंतरही तशाच बनत राहिल्या, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं. पोलादाचा कडकपणा बघायला मशीन होतं, पण त्यानं पात्यावर खळगा पडला असता. ते मी केलं नाही.

वस्तू उत्तम होती. आमच्याकडे आली असती तर मी डोळे मिटून पास केली असती. इथे मात्र तोच नीटपणा संशयाचा होता.

राहिली ती मूठ आणि पातं यांच्यामधली आडवी पट्टी. सगळा खंजीर कारखान्यात काळा केलेला होता, पातळ आणि एकसारखा. पण या पट्टीच्या एका बाजूला वेगळाच काळा रंग होता. जाड, ब्रशनं लावलेला. कडेला एक ओघळ वाळून बसला होता. सैन्याचा शिक्का असला तर तिथेच असतो, म्हणून मी आजोबांना फोन केला.

"पट्टीवरचा रंग काढून बघू का? परत तसाच लावता येणार नाही."

"काढ," ते म्हणाले.

थिनरचा बोळा फिरवला तसा रंग सुटत गेला. खाली सैन्याचा बाणाचा शिक्का नव्हता. कारखान्याच्या शहराचं नाव होतं आणि त्यापुढे 'इंग्लंड'. आपल्याच सैन्याला द्यायच्या हत्यारावर कोणी देशाचं नाव घालत नाही. ते दुकानात, परदेशात विकायच्या मालावर घालतात. पुस्तकातही तेच लिहिलं होतं: असा शिक्का म्हणजे युद्ध संपल्यानंतरचा, विक्रीसाठी बनवलेला खंजीर. भाऊ गेल्यानंतरचा.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. त्यांनी चहा केला होता. मी सगळं क्रमानं सांगितलं, आधी चांगलं ते, मग शिक्का. ते खिडकीशी उजेडात गेले आणि पट्टी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले.

"वर रंग होता ना? कसला?"

"साधा ऑइलपेंट वाटला. जाड. ब्रशनं दिलेला."

ते खुर्चीत बसले. "आमच्या घरी काळ्या रंगाचा एक डबा असायचा. वडील सगळ्याला तोच लावायचे. सायकलला, फाटकाला, कोळशाच्या डब्याला. आई म्हणायची, उभी राहिले तर मलाही लावतील."

मी त्यांच्या हातातला खंजीर घेऊन टेबलावर ठेवला.

"छाप्याला निघालेला माणूस खंजीर मागे ठेवून कशाला जाईल?" ते म्हणाले. "आणि देह नाही, तर खंजीर कुठून आला? इतक्या वर्षांत मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. एकदाही नाही, पोरी."

"त्यांनी तुमच्यासाठी आणला असेल," मी म्हणाले. "काहीतरी हातात द्यावं म्हणून."

"हो. दुकानात गेले असतील. काउंटरवर उभं राहून मागितला असेल." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "म्हणजे त्याचं काहीच आलं नव्हतं. एक बटणसुद्धा नाही. ते मला सांगवलं नाही त्यांना."

चहा तसाच राहिला. मी उठले तेव्हा त्यांनी माझे आभार मानले, इथली माणसं मानतात तसे, नीट, दोनदा.

खंजीर क्लबात गेला नाही. त्यानंतर आजोबा बागेत दिसेनासे झाले. लिंबं झाडाखाली पडून सडायला लागली, मीच कुंपणापलीकडे जाऊन वेचत असे. एका रविवारी त्यांची मुलगी आमच्या दाराशी आली. नेहमी 'किया ओरा' असा माओरी नमस्कार म्हणत हसून हात करणारी बाई. त्या दिवशी हसली नाही.

"नक्की सांगता येत नाही, एवढं म्हणाली असतीस तर चाललं नसतं का?"

"त्यांनी खरं सांग म्हटलं होतं."

"ते म्हणणारच. साठ वर्षं ते काकाबद्दल बोलत होते. आता विषय काढला की उठून दुसऱ्या खोलीत जातात."

ती रडत नव्हती, नुसती दमलेली होती. मी तिला आत बोलावलं, पण ती आली नाही. घरात शिरल्यावर नवरा म्हणाला, तिनं कोणावर तरी रागवायलाच हवं होतं. असेलही. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दीड वर्षानं त्यांना मुलीच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात हलवलं. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या भेटीत ते खिडकीपाशी बसून समोरची बटाट्यांची शेतं बघत होते. भावाबद्दल बोलले नाहीत, वडिलांबद्दल बोलले.

"त्यांचं आजारपण कळलं तेव्हा मी गेलो नाही," ते म्हणाले. "वाटायचं, त्यांचा जीव त्या मोठ्यातच अडकलेला. मी कोण? आणि तो गृहस्थ माझ्यासाठी दुकानं धुंडाळून आला होता, रंग देऊन, वाळवून, कागदात गुंडाळून. आता कळून काय उपयोग?"

नर्स गोळ्या घेऊन आली. त्यांनी त्या निमूटपणे घेतल्या आणि डोळे मिटून घेतले. मला निघायला हवं हे कळत होतं, तरी मी बसून राहिले.

पुढच्या हिवाळ्यात ते न्युमोनियानं गेले. घर विकायच्या आधी मुलगी आवराआवर करायला आली, तेव्हा तिनंच मला बोलावलं. रागाचा मागमूस नव्हता. खंजीर म्यानासकट स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडला होता. तिची मुलं तो घ्यायला तयार नव्हती, आणि असली वस्तू कचऱ्यात टाकता येत नाही. पोलीस स्टेशनला नेऊन द्यायचं तिनं ठरवलं होतं. एकटीला जायचं नव्हतं, म्हणून मी सोबत गेले.

काउंटरवरच्या तरुण पोलिसानं खंजीर अर्धा बाहेर काढला, धार बघितली आणि परत म्यानात घातला.

"छान बनवलाय," तो म्हणाला. "युद्धातला आहे का?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, ना होकाराची ना नकाराची.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या आजोबांनी आणला होता, माझ्या वडिलांसाठी."

त्यानं वहीत नोंद केली. खंजिराला एक चिठ्ठी बांधून तो आत घेऊन गेला. आम्ही बाहेर आलो तर पाऊस भुरभुरत होता आणि बंदराकडे जाणाऱ्या ओंडक्यांच्या ट्रकांची रांग लागली होती. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी आमची गाडी जागची हलली नाही. मुलगी पुढच्या ट्रकवरच्या ओल्या ओंडक्यांकडे बघत होती.

"मी त्यांना कधी पाहिलं नाही," ती म्हणाली. "माझ्या ट्रामवाल्या आजोबांना. एक फोटोसुद्धा नाही आमच्याकडे."