चौकातले ओव्हरसियर

शेजारच्या नव्या स्लॅबवर पाणी मारतात, तेव्हा ओल्या सिमेंटचा वास खोलीत येतो आणि मला लखनौची एक दुपार आठवते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. सिव्हिलच्या डिप्लोमात मी स्ट्रक्चर्समध्ये दुसऱ्यांदा नापास झालो होतो, आणि डाक खात्यात नोकरीला असलेले बाबा शिकवणी शोधत मला चौक नावाच्या जुन्या भागातल्या, बांधकामांवर देखरेख करून निवृत्त झालेल्या एका ओव्हरसियरांकडे घेऊन गेले. चिकनकारीच्या कपड्यांची दुकानं असलेल्या अरुंद गल्लीत, माडीवर त्यांची खोली होती. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. "पहले सुन लीजिए," ते म्हणाले, "मेरी बनवाई एक छत गिरी थी. दो मज़दूर दबकर मर गए. उस दिन मैं साइट पर गया ही नहीं था." मी बाबांची बाही ओढली. "बाबा, दुसरं कुणी बघू." बाबांनी चपला काढल्या आणि ते सतरंजीवर बसले. "लड़का कल से आएगा," एवढंच म्हणाले. वर्षभर त्या गृहस्थांनी मला एकेक गणित तीन-तीनदा करायला लावलं, आणि मी पास झालो. नोकरी लागल्यावर काही महिन्यांनी मी पेढे घेऊन गेलो. पेढा हातातच धरून त्यांनी विचारलं, "साइट पर खुद जाते हो न?" मी "हाँ" म्हणालो. ते खरं नव्हतं. मी ऑफिसात बसूनच सह्या करत होतो. त्यांनी पेढा न खाता खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी साइटवर जाऊ लागलो. आता मीही निवृत्त आहे, पण साइटवर जाऊ लागलो हे त्यांना सांगायला मी पुन्हा कधी चौकात गेलो नाही.