गच्चीवरची माती

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या गच्चीवर जे झालं, ते आज हिंमत करून लिहितेय. लालबागच्या या गच्चीवरच्या भाजीचे फोटो मी याच वॉलवर टाकले होते... तुमच्यातल्या काही जणींनी माझ्याकडून लाल माठाच्या जुड्याही नेल्यात. त्यांनी तर हे शेवटपर्यंत वाचाच.

हेतू चांगलाच होता. पावसाचा काही भरवसा राहिलेला नाही, दिवाळी आली तरी कोसळतोय, आणि बाजारातली पालेभाजी निम्मी सडकी. सोसायटीत एक ट्रेनर आला. म्हणाला, हवामान बदललंय, शहरातल्या माणसाने थोडं तरी स्वतः पिकवायला हवं... आणि एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल व्हायला हवा.

माझ्या तर अंगातच आलं! शिवडीच्या गोदामातून खाण्याच्या तेलाचे रिकामे ड्रम आणले. दादरच्या फुलबाजारातली उरलेली फुलं कुजवून खत केलं. माती मिळाली समोरच्या बंद गिरणीच्या आवारातून... तिथे टॉवरसाठी खोदकाम चालू होतं, ट्रक भरून फुकट देत होते. फुकट म्हटल्यावर मी कशाला चार प्रश्न विचारतेय? ओली झाली की ती माती निळसर दिसायची. मी म्हटलं, वा, कसदार आहे.

माझे बाबा त्याच गिरणीत कापड रंगवायचे. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलंच नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात गेला आणि जीभ जड झाली.

गच्चीवर खुर्चीत बसवलं की ते माती चिमटीत घ्यायचे, हुंगायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. "खत्ताची... खत्ताची..." असं ऐकू यायचं. "हो बाबा, खताचीच! घरचं खत आहे," मी मोठ्याने सांगायचे. ते जोरजोरात मान हलवायचे आणि मला वाटायचं, लेकीचं कौतुक चाललंय... कसलं डोंबलाचं कौतुक!

माझी नात तीन वर्षांची. लाल माठ म्हणजे तिचा जीव की प्राण, भात लाललाल करून खायची. एक दिवस जेवताना बाबांनी डाव्या हाताने तिचं ताटच उडवलं. मी भडकले. "लहान आहात का तुम्ही? पोर घाबरली ना!" त्या दिवसापासून बाबांचं जेवण वेगळं, कॉटवर.

तर त्या रविवारी दत्तूकाका बाबांना बघायला आले. गाववाले, मालवणकडचे, आणि गिरणीतही बाबांच्याच जोडीला होते. मी त्यांना हौसेने गच्चीवर नेलं. नुकतं पाणी घातलं होतं. काका ड्रमवर वाकले, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"गो, ही माती खयसून हाडलंस?"

"समोरून, गिरणीतली. खताची आहे काका."

"खताची खंयची? ही आमच्या खात्याची गो! रंगखात्याच्या मागे खड्डो होतो, सगळा रंगाचा पानी थयच सोडीत."

खात्याची.

गिरणीत डिपार्टमेंटला खातं म्हणायचे. बाबा खात्यात गेलेत, खात्यातली माणसं आलीयत... या शब्दावर मी लहानाची मोठी झाले. आणि तोच शब्द बाबा महिनोन् महिने माझ्या तोंडावर सांगत होते, तर मला ऐकू येत होतं खत. अक्कल गहाण टाकली होती मी.

माती लॅबमध्ये दिली, रिपोर्ट या आठवड्यात हातात आला. शिसं निघालं, आणखीही बरंच काही निघालं. त्यांनी सरळ सांगितलं, यातलं एक पानही पोटात जाऊ देऊ नका. त्या ट्रेनरचं खरंच होतं म्हणायचं, कचरा वाया जात नाही... गिरणी गेली, कामगार गेले, तो मात्र इतकी वर्षं जमिनीत बसून राहिला आणि मी माझ्या हाताने तो ताटात वाढला. आता ती माती टाकायची कुठे, हे कोणालाच सांगता येत नाहीये.

ज्यांनी जुड्या नेल्या, त्यांनी कृपा करून डॉक्टरांना भेटा. माझ्यावर चिडा, शिव्या द्या, पण पोरांची तपासणी करून घ्या.

एक गोष्ट आठवली की रडू आवरत नाही. स्वतःच्या ताटातली भाजी बाबा मुकाट खायचे. त्यांनी उडवलं ते फक्त पोरीचं ताट.

नातीचं रक्त तपासायला दिलंय. काल बाबांच्या पायांशी बसून माफी मागितली. ते काहीतरी बोलले. मला कळलं नाही. एरवी मी "हो हो" म्हणून उठले असते... काल परत विचारलं. मग अजून एकदा.

तिसऱ्यांदा कळलं. "रिपोर्ट कधी?"

"परवा, बाबा."